पडद्यावर न दिसणारी जाडी : घरबसल्या मातीकाम शिकताना

मातीकामाच्या व्हिडिओत हात दिसतात, आकार दिसतो, शेवटी चकचकीत भांडंही दिसतं. दिसत नाहीत त्या दोन गोष्टी: भिंतीची जाडी आणि मातीतला ओलावा. नवशिक्यांची भांडी तडकतात, वाकतात किंवा भट्टीत फुटतात, ती बहुतेक वेळा या दोन गोष्टींपायीच. ऑनलाइन शिकताना सगळा भर त्या ओळखण्यावर हवा. नक्षी आणि रंग नंतर येतील.

आधी भट्टी, मग माती

बहुतेक जण उलट क्रमाने जातात. माती मागवतात, महिनाभर भांडी करतात आणि मग भाजायची कुठे याचा शोध सुरू होतो. घरातल्या ओव्हनचं तापमान २५० अंशांच्या आसपास थांबतं. माती खऱ्या अर्थाने भाजायला, म्हणजे ती पुन्हा पाण्यात विरघळणार नाही अशी व्हायला, किमान ६०० ते ७०० अंश सेल्सिअस लागतात. उपयोगाच्या भांड्यांसाठी त्याहून बरेच जास्त. ‘एअर ड्राय क्ले’ नावाने मिळणारी माती न भाजता कडक होते, पण तिच्यात चहा पिता येत नाही. ती शोभेच्या वस्तूंपुरतीच ठेवावी.

तेव्हा पहिला फोन जवळच्या स्टुडिओला करा. बऱ्याच शहरांत बाहेरच्यांची भांडी पैसे घेऊन भाजून देणारे स्टुडिओ असतात. त्यांना विचारायच्या गोष्टी अशा: कच्ची भाजणी (म्हणजे पहिली, ग्लेझ लावण्याआधीची) आणि ग्लेझची, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपाची, भाजणी किती अंशांवर होते, कोणती माती चालते, ग्लेझ तुमचं की आमचं, आणि दर नगावर, आकारावर की भट्टीतल्या फळीवर. माती कोणती घ्यायची ते या उत्तरांवर ठरतं.

माती आणि तापमान यांची जोडी चुकली तर नुकसान फक्त तुमच्या भांड्याचं होत नाही. कुंभाराकडची लाल माती साधारण ९०० ते १००० अंशांची असते. तीच स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीच्या, १२२० अंशांच्या भट्टीत गेली तर वितळून फळीला चिकटते, आणि फळीची भरपाई तुम्हाला करावी लागते. उलट स्टोनवेअर माती १००० अंशांवरच थांबवली तर भांडं सच्छिद्र राहतं आणि पाणी पाझरतं. माठाचं पाणी गार होतं ते याच पाझरण्यामुळे, पण कपाला ते चालत नाही.

परदेशी व्हिडिओत अंश न सांगता ‘कोन’ सांगतात. कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारी छोटी सुळकी. इथे एक सापळा आहे: कोन ६ आणि कोन ०६ वेगळे. पुढे शून्य असेल तर आकडा जितका मोठा तितकं तापमान कमी. कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश, ०४ म्हणजे १०६० च्या आसपास, ६ म्हणजे १२२० ते १२४० आणि १० म्हणजे १२८० च्या वर. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी पिशवीवरचा आणि स्टुडिओचा कोन शून्यासकट जुळतो का ते पाहावं.

माती कोणती, किती

पहिल्या दोन महिन्यांना दहा किलो पुरते, कारण भाजेपर्यंत माती पुन्हापुन्हा वापरता येते. सिरॅमिकचं सामान विकणाऱ्यांकडची तयार स्टोनवेअर माती सुरुवातीला सोयीची. तिच्यात थोडा ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, असेल तर उत्तम. तिने माती उभी राहते आणि वाळताना कमी तडकते. हाताला मात्र खरखरीत लागते.

कुंभारवाड्यातली माती स्वस्त आणि छान लवचिक असते, पण ती चाळलेली आहे का ते विचारा. आपल्या भागातल्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. भट्टीत त्या खड्याचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि भाजल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी भांड्याचा टवका उडवतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा कण मातीत गेला तरी असाच टवका उडतो. गणपतीची शाडू माती सरावाला झकास आहे, फक्त स्टुडिओला दाखवून एक तुकडा भाजून पाहिल्याशिवाय ती भट्टीत घालू नये.

माती दोन पिशव्यांत गुंडाळून, आत ओलं फडकं ठेवून बांधावी. थोडी बुरशी धरली किंवा वास आला तरी फेकू नका. मुरलेली माती जास्त लवचिक होते.

ओलावा ओळखायची सोपी चाचणी: करंगळीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर माती कोरडी, तळहाताला चिकटून राहिली तर ओली. दोन्ही झालं नाही तर कामाला योग्य.

हत्यारं घरचीच

चाक घेऊ नका. चाकाचे व्हिडिओ बघायला मोहक असतात, पण चाकावर माती मध्यावर आणणंच कित्येक आठवडे खातं आणि ते पडद्यावरून शिकणं सगळ्यात अवघड. हाताने घडवायच्या तीन रीती, म्हणजे चिमटीची वाटी, वळ्या आणि पाटी (लाटलेली सपाट माती), वर्षभर पुरतील.

लागणारं सामान असं: जुनं लाटणं, मांजरपाटाचा दोन हात तुकडा, सनमायका न लावलेली प्लायची फळी, ६ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, काटा-चमचा, दाभण, आइस्क्रीमच्या काड्या, स्पंज. दोन बटणांना मासेमारीची दोरी किंवा बारीक स्टीलची तार बांधली की माती कापायची तार झाली. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा कोपरा गोल कापला की भांड्याचा पृष्ठभाग घोटायची पट्टी तयार. पोळपाटावर माती चिकटते, म्हणून मांजरपाट. चकलीचा जुना सोऱ्या बारीक सारख्या वळ्यांसाठी कामाला येतो. मातीला एकदा दिलेली वस्तू मात्र स्वयंपाकघरात परत न्यायची नाही.

हात आणि हत्यारं बेसिनमध्ये धुऊ नका, नळी तुंबणारच. दोन बादल्या ठेवा: पहिलीत खळबळ, दुसरीत स्वच्छ. रात्रभरात माती तळाला बसते. वरचं पाणी झाडांना, खालचा चिखल पुन्हा वापरात. वाळलेली माती झाडूने झाडू नये. तिच्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसा, आणि कोरडं भांडं घरात पॉलिश-पेपरने घासू नका. ओल्या स्पंजने तेच काम होतं.

व्हिडिओ बघायचा कसा

पहिल्यांदा हात कोरडे ठेवून पूर्ण बघा. दुसऱ्यांदा अर्ध्या वेगाने, आवाज बंद करून, फक्त अंगठ्याकडे पाहत: तो आत आहे की बाहेर, कुठे दाबतोय, दुसरा हात कशाला आधार देतोय. मग फोन बाजूला ठेवून करायचं. एका हाताने थांबवत-चालवत केलं तर माती हातात सुकत राहते आणि पंधरा मिनिटांत कडांना भेगा पडतात. फोनला पारदर्शक पिशवी घाला. मातीच्या बोटांनी पडद्यावर ओरखडे उठतात.

थेट वर्ग असेल तर कॅमेरा वरून नको, टेबलाच्या उंचीवर बाजूने हवा. वरून फक्त तोंडाचा गोल दिसतो. भिंत फुगतेय की आत येतेय हे शिक्षकांना बाजूनेच कळतं. दिवाही एका बाजूने ठेवा, म्हणजे उंचसखलपणा सावलीत उठून दिसतो.

वर्ग निवडताना एका वेळी सहा-आठच विद्यार्थी आहेत का आणि शिक्षक बिघडलेली भांडी दाखवतात का, एवढं विचारलं तरी पुरे. नुसती सुंदर भांडी दाखवणाऱ्या वर्गात करमणूक चांगली होते.

मळणं आणि पहिली वाटी

कणीक मळायची सवय इथे आडवी येते. कणीक आपण दुमडून दाबतो. माती तशी दुमडली तर घडीत हवा अडकते. तळहाताच्या टाचेने माती पुढे-खाली ढकलायची, पुढचं टोक उचलून थोडं अंगाकडे आणायचं, पुन्हा ढकलायचं. तीस-चाळीस वेळा. मग गोळा तारेने मधोमध कापा. आत भोकं दिसली तर अजून मळा.

चिमटीच्या वाटीला २५० ग्रॅमचा, संत्र्याएवढा गोळा घ्या. वजनकाट्यावर तोलूनच घ्या, म्हणजे दहा वाट्यांची तुलना करता येते. गोळा डाव्या हातात धरून उजवा अंगठा मधोमध खाली घाला आणि तळाशी ८ मिलिमीटर माती उरेल तिथे थांबा. बोट बाहेरून तळाला लावलं की दाब जाणवतो. आता चिमटा, थोडं फिरवा, चिमटा. फिरवणं बोटभर, चिमटा हलका. सुरुवात तळाजवळून करायची आणि फेऱ्या घेत वर यायचं. कडेला शेवटपर्यंत जाड ठेवा.

हमखास होणारी चूक म्हणजे आधी कडच चिमटणं. कड पातळ झाली की ती पसरते, वाटीची ताटली होते आणि पातळ कड आधी सुकून फाटते. पसरलीच तर दोन्ही तळहातांनी बाहेरून हळूच आत दाबत फिरवा. भेगांवर पाणी ओतू नका, ओलं बोट फिरवा. पाण्याने भेग बुजल्यासारखी दिसते, पण आतली माती मऊ पडून भिंत बसते. मध्येच वाटी मऊ वाटली तर उपडी घालून वीस मिनिटं सोडा. भिंत ५ ते ६ मिलिमीटर सारखी झाली की कड बोटाच्या चिमटीत ओल्या कापडाच्या पट्टीने दाबून घ्या.

आणि मग ती वाटी तारेने उभी कापा.

जीवावर येतं, पण पहिल्या दहाही वाट्या कापायच्या. छेद समोर आला की कळतं: तळाचा कोपरा दीड सेंटिमीटर, मधली भिंत चार मिलिमीटर, कड पुन्हा सात. जवळजवळ प्रत्येकाची माती तळ आणि भिंत यांच्या वळणात साचते, कारण तिथे अंगठा पोचत नाही. पट्टी ठेवून तीन ठिकाणची जाडी लिहा, छेदाचा फोटो काढा, शिक्षकांना तोच पाठवा. तयार वाटीच्या फोटोवर ‘सुंदर’ एवढंच उत्तर येतं, छेदाच्या फोटोवर कामाचं उत्तर येतं. चौथ्या-पाचव्या वाटीपासून बोटांना जाडी डोळे मिटूनही कळू लागते.

वळ्या, जोड आणि कप

वळी करताना बोटं पसरून मधून बाहेरच्या दिशेला लोळवा. जाडी १० ते १२ मिलिमीटर. वळी चपटी होत असेल तर दाब जास्त आहे. तिला कडेवर उभी करून थोपटा आणि पुन्हा लोळवा. प्रत्येक वळी आतून अंगठ्याने खालच्या वळीवर ओढून जिरवायची, बाहेरून वर ओढायची. नुसत्या एकावर एक ठेवलेल्या वळ्या वाळताना सुटतात. एका बैठकीत तीन-चार वळ्यांहून वर जाऊ नका. खालचा भाग घट्ट होऊ द्या, नाहीतर वजनाने पोट सुटतं.

माती थोडी सुकून चामट झाली, म्हणजे बोटाने दबत नाही पण नखाने कोरता येते, की जोडकाम करायचं. दोन्ही बाजू काट्याने आडव्या-उभ्या खरवडा, त्याच मातीचा दह्याएवढा घट्ट चिखल लावा, दाबून किंचित सरकवा. जोडाची खरी अट वेगळीच: दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत. ओला कान चामट कपाला लावला तर कान जास्त आकसतो आणि जोडाशीच तडा जातो.

कपासाठी पाटी लाटा. मांजरपाटावर माती, दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरच्या पट्ट्या, लाटणं पट्ट्यांवर टेकेपर्यंत फिरवायचं. दर दोन-तीन फेऱ्यांनी माती उलटा, नाहीतर ती कापडाला धरून एकाच बाजूने ताणली जाते. दोन्ही अंगांनी कार्डाने घोटा. पाटी हाताने उचलू नका, कापडासकट उचला. मातीला स्मरणशक्ती असते: लटकून वाकलेली पाटी सपाट केली तरी भट्टीत पुन्हा त्याच दिशेला वाकते.

आकार ठरवताना आकसणं धरावं लागतं. पिशवीवरच्या आकड्यावर न विसंबता पाटीच्या एका पट्टीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ कोरा आणि ती पट्टी शेवटच्या भाजणीपर्यंत न्या. रेघ ८.८ भरली तर आकसणं १२ टक्के. मग हवं ते माप भागिले ०.८८ करायचं. १० सेंटिमीटर उंच कप हवा असेल तर ओला ११.४ चा करा. २४ × १० सेंटिमीटरची पाटी गोल वळवली तर भाजल्यावर काठोकाठ २५० ते २७० मिलिलिटर मावतात. कटिंग चहाला हे फार मोठं, कॉफीला बरोबर.

कान लावून झाला की त्याच्याभोवती प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळा. तो बारीक असल्याने कपाच्या आधी सुकतो.

वाळवणं

घाई नको. पंखा नको, ऊन नको. पहिले दोन दिवस सैल प्लॅस्टिकखाली, कड घट्ट झाली की भांडं उपडं, मग उघडं. खाली वर्तमानपत्र ठेवा, म्हणजे तळ आकसताना सरकू शकतो. फळीला धरून बसलेला तळ मधोमध फाटतो. ताटल्या दोन फळ्यांच्या मध्ये वाळवा.

कोरड्या हवेत आठवडाभरात भांडं तयार होतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात दोन-तीन आठवडे धरा. नागपूरच्या मे महिन्यात उलटी तऱ्हा: प्लॅस्टिकखालीही दोन दिवसांत कड पांढरी पडते, तेव्हा पिशवीत ओलं फडकं ठेवावं लागतं. वाळलं की नाही ते गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे.

भांडं भट्टीत फुटलं की हवेच्या बुडबुड्यावर खापर फोडायची पद्धत आहे. खरा गुन्हेगार बहुधा पाणी असतं. १०० अंशांना त्याची वाफ होते, जाड भिंतीतून तिला वाट मिळत नाही. बुडबुड्यात ओल साचते इतकाच त्याचा वाटा.

स्टुडिओत नेताना कच्चं भांडं बिस्किटाहून नाजूक असतं. कडेला किंवा कानाला धरू नका, तळाखाली हात द्या. खोक्यात चुरगळलेल्या कागदांचं घरटं करा आणि रिक्षात ते मांडीवर ठेवा.

भाजणी आणि ग्लेझ

कच्ची भाजणी साधारण ९५० ते १००० अंशांवर होते. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि थंड होताना तिथेच एकदम आकसतं, म्हणून भट्टी घाईने उघडणाऱ्याची भांडी टणकन तडकतात. दिवसभर तापवून जवळजवळ दिवसभर निवू देणाऱ्या स्टुडिओवर रागावू नका.

भाजलेलं भांडं ओल्या स्पंजने पुसून सुकू द्या. धूळ किंवा बोटांचं तेल राहिलं तर भट्टीत ग्लेझ तिथून मागे सरकतं आणि उघडे डाग पडतात. बुडवायचं ग्लेझ सायीसकटच्या दुधाइतकं दाट हवं. दोन ते तीन सेकंद, मोजून. ब्रशचं असेल तर तीन हात, प्रत्येक आधीच्याला आडवा. तळाला आणि त्याच्या वर तीन-चार मिलिमीटर ग्लेझ पूर्ण पुसा, वाहणारं ग्लेझ असेल तर बोटभर. खाण्यापिण्याच्या भांड्याला शिसं नसलेलं, अन्नासाठी चालतं असं लिहिलेलं ग्लेझच घ्या आणि ते सांगितलेल्या तापमानालाच भाजा. कमी भाजलेल्या ग्लेझमधून लिंबू, चिंच, लोणचं धातू बाहेर काढतात. ग्लेझवर केसासारख्या रेघांचं जाळं उमटलं तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय. ते फुलदाणीला शोभतं, ताटाला नको.

बिघडलेलं कच्चं काम भिजवण्याआधी पूर्ण खडखडीत वाळू द्या. अर्धओली माती पाण्यात तासन्‌तास ढेकळासारखी राहते, कोरडी मात्र काही मिनिटांत विरघळून बसते. वरचं पाणी काढून चिखल जुन्या उशीच्या अभ्र्यावर पसरा आणि घट्ट झाला की मळा.

भांडी बघायची कशी

हात रिकामे असतील तेव्हा संग्रहालयांची संकेतस्थळं उघडा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांचे संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतात, चित्रं मोठी करता येतात. मोठं करून आधी तळाची कड बघा, ग्लेझ कुठे थांबवलंय ते. मग तोंडाची कड, कारण तिथे ग्लेझ पातळ होऊन खालची माती डोकावते.

आपल्याकडचं बघायचं तर जोर्वे संस्कृतीची भांडी शोधा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ती मोठ्या संख्येने मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वीची, लाल अंगावर काळी नक्षी, चाकावर घडवलेली, भिंतीला मध्येच ठसठशीत कोन असलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी. त्या तोटीचा जोड नीट बघा: कानाच्या जोडाचे सगळे नियम तिथेही लागू आहेत.

उत्खननाच्या अहवालांत भांड्याचं चित्र एका खास पद्धतीने काढतात. मधून उभी रेघ, एका बाजूला बाहेरचं रूप, दुसऱ्या बाजूला भिंतीचा छेद काळा भरून. पडद्यावरचं आवडलेलं भांडं असंच वहीत काढा आणि छेद अंदाजाने भरा: कड किती, पोट किती, तळाच्या वळणात किती. मग २५० ग्रॅम माती तोला, तसंच करून बघा, कापा आणि दोन्ही छेद शेजारी ठेवा.